पंख्यातला कंडेन्सर चार्ज साठवतो म्हणे, मग एसी लाइनवर तो नक्की काय साठवतो आणि कधी देतो?

मुक्काम_कराड

मंडळी, हॉलमधला पंखा उन्हाळा लागल्यापासून पाचवर टाकला तरी दोनवर असल्यासारखा रेंगाळत होता. वायरमन आला, वरची वाटी खाली सरकवली, आतली छोटी पांढरी डबी बदलली, "कंडेन्सर गेलता" एवढंच बोलला आणि पैसे घेऊन गेला. पंखा आता सुसाट. तक्रार काहीच नाही, पण डोक्यात किडा शिरलाय. मुलगी बारावी सायन्सला आहे, ती म्हणते पप्पा कंडेन्सर म्हणजेच कपॅसिटर, चार्ज साठवायची वस्तू. बरं साठवतो तर साठवतो, पण घरात येतो एसी, तो सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणार, मग साठवलेलं द्यायचं कुणाला आणि कधी? शिवाय आत दोन प्लेटांच्या मध्ये इन्सुलेशन असतं म्हणतात, मग करंट पलीकडे जातोच कसा? आणि तिसरं म्हणजे काढलेली डबी टेबलावर पडलीये, धाकटा ती घेऊन खेळतोय, शॉक बसेल का?

गुंडाळी

शेवटचं आधी. डबी काढून घ्या त्याच्याकडून, पण घाबरण्यासारखं काही नाही. माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, असले कंडेन्सर रोज हाताखालून जातात. सिलिंग फॅनमध्ये दोन वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी असतात, एक मेन आणि एक स्टार्टिंग, कंडेन्सर स्टार्टिंगच्या सिरीजमध्ये, म्हणजे त्याच वाटेवर एकामागे एक. स्विच बंद केला की लाइन तुटते पण कंडेन्सर, स्टार्टिंग आणि मेन मिळून आतल्या आत एक घेर शिल्लक राहतो, त्यातून जे काय साठलेलं असेल ते डोळ्याचं पातं लवायच्या आत निघून जातं. म्हणून वाइंडिंग शाबूत असलेल्या पंख्यातून काढलेल्या कंडेन्सरमध्ये सहसा काही सापडत नाही. वाइंडिंग तुटलेलं असेल तर मात्र तो घेर पूर्ण होत नाही आणि व्होल्टेज आत अडकून बसतं. तेव्हा हात लावायच्या आधी दोन्ही वायरी एकमेकीला टेकवायची सवय ठेवायची. त्याने माणूस मरत नाही, पण स्टुलावर उभा असताना झटका बसला की माणूस खाली येतो, आणि खरा मार तिथे लागतो.

तिखट_मीठ

वायरमन जुनी डबी ठेवून गेला म्हणजे सज्जन माणूस आहे हो. आमच्याकडे तीच पुसून पुढच्या घरी लावली असती.

फावल्या_वेळात

पॉलिटेक्निकला शिकवतो, त्यामुळे लांबण लागेल, आधीच माफी.

@मुक्काम_कराड, ती डबी फोडलीत तर आत प्लॅस्टिकच्या पातळ फितीची गच्च गुंडाळी दिसेल. ती पॉलिप्रॉपिलीनची फिल्म, आणि तिच्यावर धातूचा इतका बारीक मुलामा की उजेडाकडे धरला तर थोडं आरपार दिसतं. तो मुलामा म्हणजेच तुमच्या प्लेटा. डबीवर २.५ एमएफडी लिहिलं असेल, म्हणजे अडीच मायक्रोफॅरड, साठवायची क्षमता म्हणजे कपॅसिटन्स यात मोजतात. फिल्म सहा मायक्रॉन जाडीची धरून गणित केलं तर अडीच मायक्रोफॅरडसाठी पाऊण चौरस मीटरच्या आसपास एरिया लागतो. म्हणजे समोरासमोर धरलेले मोठ्या टॉवेलाएवढे दोन पत्रे, मध्ये सहा मायक्रॉनचं अंतर, आणि ते सगळं गुंडाळून काडेपेटीएवढ्या डबीत कोंबलेलं.

आता करंट. फिल्ममधून इलेक्ट्रॉन पलीकडे जात नाहीत, तो तुमचा संशय शंभर टक्के बरोबर. पाण्याने भरलेल्या पाइपात मधोमध रबराचा ताणलेला पडदा बसवलाय असं समजा. पाणी पडद्यातून जात नाही, पण एका बाजूने ढकललं की पडदा फुगतो आणि पलीकडचं तेवढंच पाणी पुढे सरकतं. ढकलणं थांबवून सोडून दिलं की पडदा परत येतो आणि पाणी उलट्या दिशेला ढकलतो. कायम एकाच बाजूने ढकलत राहिलात तर एकदा फुगून पडदा थांबणार, मग पाणी हलत नाही. हे डीसी. पुढेमागे करत राहिलात तर पाणी दोन्हीकडे सतत हलत राहणार. हे एसी. एसी कंडेन्सरमधून "जातो" असं आपण म्हणतो ते या अर्थाने.

आता पंख्याकडे. ५० हर्ट्झची एक सायकल २० मिलिसेकंदांची. त्यातल्या पहिल्या ५ मिलिसेकंदांत व्होल्टेज शून्यापासून शिखरापर्यंत चढतं, २३० ला शिखर साधारण ३२५ व्होल्ट, तेवढ्या वेळात कंडेन्सर भरतो. पुढच्या ५ मध्ये व्होल्टेज उतरतं आणि कंडेन्सर घेतलेलं सगळं परत करतो. मग उलट्या दिशेने तेच. म्हणजे सेकंदाला १०० वेळा भरणं आणि १०० वेळा रिकामं होणं. "कधी देतो" याचं उत्तर हे, लगेच देतो, पाचच मिलिसेकंदांनी.

आणि मजेची गोष्ट अशी की करंट जास्तीत जास्त कधी असतो तर व्होल्टेज शून्यावरून जात असतं तेव्हा, कारण तिथे ते सगळ्यात वेगाने बदलत असतं. शिखरावर व्होल्टेज क्षणभर बदलतच नाही, तिथे करंट शून्य. म्हणजे करंटचं शिखर आधी येऊन गेलं आणि व्होल्टेजचं ५ मिलिसेकंदांनी आलं. पंख्याला हवा असतो तो हा पाव सायकलचा फरक. नुसत्या मेन वाइंडिंगचं चुंबकीय क्षेत्र एका रेषेत मागेपुढे धडधडतं, फिरत नाही. दुसऱ्या वाइंडिंगला कंडेन्सरमुळे करंट थोडा आधी मिळतो, दोन्हींची बेरीज गोल फिरायला लागते आणि तिच्या मागे रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग.

शंकेखोर

छान लिहिलंय सर, पण मला एक पटत नाहीये. एका प्लेटवर जेवढे इलेक्ट्रॉन आले तेवढेच दुसरीवरून निघून गेले ना, मग बेरीज शून्य. मग "चार्ज साठवतो" हे पुस्तकात का लिहितात? साठलं काय?

फावल्या_वेळात

@शंकेखोर, वर्गात दर वर्षी एखादाच विद्यार्थी हे विचारतो आणि त्या दिवशी मला चहा गोड लागतो. बरोबर, आख्ख्या कंडेन्सरचा हिशोब केला तर चार्ज शून्यच. ३२५ व्होल्टला अडीच मायक्रोफॅरडच्या एका प्लेटवर सुमारे ०.८ मिलिकुलंब जादा असतो, म्हणजे पन्नास कोटी कोटी इलेक्ट्रॉन, आणि समोरच्या प्लेटवर तेवढेच कमी. साठते ती एनर्जी. ती असते मधल्या फिल्ममधल्या विद्युत क्षेत्रात. तिचं सूत्र अर्धा गुणिले कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग. घाला आकडे, ०.१३ ज्यूल येतात. अगदीच किरकोळ, त्यावर पंखा एक वेढासुद्धा धड मारणार नाही. म्हणून "कंडेन्सर पंख्याला ताकद देतो" असं जे ऐकू येतं ते बरोबर नाही. ताकद लाइनचीच, कंडेन्सर फक्त टायमिंग सांभाळतो.

गुंडाळी

सरांनी टायमिंग शब्द बरोबर वापरला. यातूनच पंखा स्लो का होतो ते पण कळतं. फिल्मवर कुठे एका ठिपक्याला व्होल्टेजचा फटका बसून भोक पडलं तर तिथला धातूचा मुलामा त्या जागेपुरता उडून जातो आणि शॉर्ट आपोआप मिटतो, कंडेन्सर चालू राहतो. चांगली सोय आहे, पण प्रत्येक वेळी प्लेटचा थोडा थोडा एरिया कमी होतो. लाइटचे झटके, वाटीखालची उष्णता, वर्षानुवर्षं हे चाललं की अडीचचा दोन होतो, मग दीड. स्टार्टिंगचा करंट कमी पडतो, फिरतं क्षेत्र लंगडं होतं, पंखा रेंगाळतो. जुनी डबी कपॅसिटन्सची रेंज असलेल्या मल्टिमीटरवर धरून बघा, मी पैज लावतो दोनच्या खालीच दाखवेल. पूर्ण उडाला असेल तर पंखा नुसता घूं करत जागच्या जागी थांबतो आणि काठीने पातं ढकललं तर ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला फिरायला लागतो. ही खूण पक्की.

आणि डबीवर ४४० व्होल्ट का लिहितात असं गिऱ्हाईक विचारतं. चालू पंख्यात वाइंडिंगच्या संगतीने कंडेन्सरच्या दोन टोकांत लाइनपेक्षा जास्त व्होल्टेज येतं. २५० वाला लावून स्वस्तात काम करायला गेलात तर परत माझ्याकडेच येणार.

ऊस_आणि_पाऊस

आमच्या बोअरच्या पॅनलमध्ये दोन कंडेन्सर हायत. एक लांबट पांढरा ३६ चा आणि एक काळा बुटका १२० च्या आसपासचा. सिंगल फेज एक एचपी मोटर. मागच्या पावसाळ्यात काळा फटाक्यासारखा उडला, पॅनलचं झाकण तारेवर जाऊन पडलं, आतून कापसागत घाण निघाली. मोटर तर नंतर चांगली निघाली. मग हाच का उडला?

गुंडाळी

दादा, हिरवं बटण किती वेळ दाबून धरत होता? खरं सांगा.

ऊस_आणि_पाऊस

व्होल्टेज कमी असलं की मोटर उचलत नाय, मग धरून ठेवायचं उचलेपर्यंत. सगळेच धरत्यात.

गुंडाळी

मग बरोबर. पांढरा ३६ चा तो रन कंडेन्सर, कायम लाइनमध्ये राहण्यासाठी बनवलेला, आत पंख्यासारखीच फिल्म. काळा तो स्टार्ट कंडेन्सर, इलेक्ट्रोलिटिक जातीचा. छोट्या डबीत भरपूर मायक्रोफॅरड बसवायचे म्हणून तसा करतात, पण एसीवर आत खूप गरम होतो. मोटर उचलेपर्यंतच्या दोन-तीन सेकंदांसाठीच तो असतो. बटण सोडलं की तो सर्किटमधून बाहेर पडायला पाहिजे. तुम्ही धरून ठेवलं की आतलं द्रव उकळतं, वाफ कोंडते आणि झाकण उडतं. दोन-तीन सेकंदांत उचलली नाही तर सोडा, थंड होऊ द्या, आणि व्होल्टेज १८० च्या खाली असेल तर नादच करू नका. स्टार्टिंगला टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, व्होल्टेजच्या वर्गाने पडतो, बटण धरून तो वाढत नाही.

अबोली

मी पॉवर सप्लाय डिझाइन करते, सध्या पिट्सबर्गला. धागा मस्त चाललाय, फक्त एक काळजी वाटली म्हणून लिहितेय. वर पंख्याच्या कंडेन्सरबद्दल "घाबरण्यासारखं काही नाही" लिहिलंय ते पंख्यापुरतं ठीक, पण तेच कुणी कंप्युटरच्या एसएमपीएसला (आतली पॉवर सप्लायची पेटी), इन्व्हर्टर एसीच्या बाहेरच्या युनिटच्या बोर्डला किंवा मायक्रोवेव्हला लावू नये. तिथे कंडेन्सर डीसी बाजूला असतो आणि प्लग काढला तरी भरलेला राहू शकतो.

एक साधं उदाहरण घ्या. एसएमपीएसमध्ये डायोडच्या ब्रिजनंतर ३३० मायक्रोफॅरड ४०० व्होल्टचा एक जाडा इलेक्ट्रोलिटिक असतो. ब्रिज एसीचं उलटं अर्ध पण सुलटं करतो, त्यामुळे दर १० मिलिसेकंदांनी एक शिखर येतं. शिखराच्या वेळी कंडेन्सर भरून घेतो आणि पुढचं शिखर येईपर्यंतच्या खड्ड्यात पुढच्या सर्किटला स्वतःतून पुरवतो. म्हणून लाइट क्षणभर गेली तरी कधीकधी कंप्युटर बंद पडत नाही. इथे मात्र "साठवणं" खरंच त्या अर्थाने आहे. ३२५ व्होल्टला यात १७ ज्यूल असतात, पंख्याच्या डबीच्या शंभर पटीहून जास्त.

हे रिकामं कसं करायचं? स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडणारे बरेच असतात, टोक वितळतं, कंडेन्सरच्या आतल्या जोडण्या खराब होतात आणि डोळ्यात धातूचे कण जाऊ शकतात. १० किलोओहमचा १० वॉटचा रेझिस्टर घ्या, इन्सुलेटेड चिमट्याच्या वायरी लावून. १० किलोओहम गुणिले ३३० मायक्रोफॅरड म्हणजे ३.३ सेकंद, हा त्याचा टाइम कॉन्स्टंट. दर ३.३ सेकंदांना व्होल्टेज आधीच्या ३७ टक्क्यांवर येतं. ३२५ चे आधी १२०, मग ४४, मग १६, मग ६, पाचव्या वेळी दोनच्या आसपास. सुरुवातीला धाडकन उतरतं आणि शेवटी रेंगाळतं, कारण जसजसं व्होल्टेज कमी होतं तसा बाहेर ढकलणारा जोरही कमी होतो. वीस सेकंद लावून ठेवा आणि मग मीटर लावून बघा. बघितल्याशिवाय बोट नाही.

शंकेखोर

ताई, आमच्या लॅबमध्ये एक जुना मोठा कंडेन्सर शॉर्ट करून ठेवला होता, थोड्या वेळाने मीटर लावला तर परत व्होल्टेज दाखवत होता. कुणाला चार्ज केलेला आठवत नव्हतं. भूत?

अबोली

हाहा, नाही. मधल्या इन्सुलेशनमधले रेणूही व्होल्टेजखाली थोडे थोडे वळलेले असतात, ते सगळे एकदम मूळ जागी येत नाहीत. क्षणभर शॉर्ट केलं तर प्लेटा मोकळ्या होतात, पण हे आळशी रेणू नंतर सावकाश परततात आणि प्लेटांवर पुन्हा थोडं व्होल्टेज उभं करतात. इलेक्ट्रोलिटिकमध्ये हे चांगलंच जाणवतं. म्हणून हाय व्होल्टेजचे मोठे कंडेन्सर गोदामात दोन्ही टर्मिनलना तार बांधूनच ठेवतात.

इलेक्ट्रोलिटिकचा विषय निघालाय तर डीसीवर वापरतात त्या जातीचं प्लस-मायनस उलटं का चालत नाही तेही सांगते. त्याच्या आत वेगळी फिल्म नसते. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरच विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा थर वाढवतात, दर व्होल्टला जेमतेम सव्वा-दीड नॅनोमीटर. फिल्म सहा हजार नॅनोमीटर आणि हा २५ व्होल्टच्या कंडेन्सरला पन्नासेक, म्हणून एवढ्याशा डबीत १००० मायक्रोफॅरड मावतात. पण हा थर एकाच दिशेला टिकतो. उलटं लावलंत तर तो खराब होत जातो, करंट बेलगाम वाढतो, गॅस होतो आणि डोक्यावरची फुली फुगते किंवा फुटते. ती फुली त्याचसाठी कोरलेली असते, फुटायचंच तर वरून फुटावं म्हणून.

तिखट_मीठ

अवांतर: हे शॉक प्रकरण फार जुनं आहे. १७४५-४६ मध्ये जर्मनीत फॉन क्लाइस्ट आणि हॉलंडमधल्या लायडनला मुसेनब्रूक, दोघांनी वेगवेगळं करताना काचेच्या बाटलीत चार्ज साठतो हे पाहिलं आणि दोघांनी सणसणीत शॉक खाल्ला. मग पॅरिसजवळ व्हर्सायला नोले नावाच्या पाद्र्याने राजासमोर १८० शिपायांना हात धरून उभं केलं आणि बाटली जोडली, सगळे एकदम उडाले म्हणतात. तेव्हाची करमणूक बघा आणि आपण इथे वेब सिरीजला नावं ठेवतो.

मुक्काम_कराड

धागा वाचून काढला, सगळ्यांचे आभार. डबी धाकट्याकडून जप्त. आणखी एक, रेग्युलेटर. आधी जाडजूड ठोकळा होता, तापायचा. आता बोर्डवर बारकं बटण, गारच असतं. हा पण कंडेन्सरचाच खेळ का?

फावल्या_वेळात

हो. जुन्यात रेझिस्टन्स असायचा, तो पंख्याच्या वाट्याचं व्होल्टेज खायचा आणि खाल्लेलं सगळं उष्णतेत घालवायचा. पंखा एकवर ठेवून बिल वाचवतोय असं वाटायचं, पण वाचलेल्यातला बराच भाग त्या ठोकळ्यात जळायचा. आताच्या स्टेपवाल्यात दोन-तीन फिल्म कंडेन्सर असतात, बटण फिरवलं की वेगवेगळ्या जोडणीत पंख्याच्या सिरीजमध्ये येतात. अडीच मायक्रोफॅरडला ५० हर्ट्झवर सुमारे १२७० ओहमचा अडथळा होतो, पण घेतलेली एनर्जी पाच मिलिसेकंदांनी परत देत असल्यामुळे स्वतः जवळपास काही जाळत नाही.

शंकेखोर

मग पंख्यालाच अडीचऐवजी चारचा कंडेन्सर लावला तर अजून जोरात फिरेल की.

गुंडाळी

बरेच जण हा उद्योग करतात आणि नंतर पंखा घेऊन येतात. थोडा जोरात वाटतो, पण स्टार्टिंग वाइंडिंगची तार बारीक असते, तिच्यातून जास्त करंट जातो, घरघर वाढते आणि वाइंडिंग भाजून काळं पडतं. पंख्यावर जे लिहिलंय तेच लावा, २.५ तर २.५, ३.१५ तर ३.१५.

ऊस_आणि_पाऊस

आमच्या विहिरीवर पाच एचपीची थ्री फेज हाय. महावितरणवाले म्हणत्यात कंडेन्सर बसवा. तिथं तर तीन फेज हायत, क्षेत्र आपोआप फिरतंय, मग तिथं टायमिंग कशाला?

फावल्या_वेळात

दादा, तुम्ही वर्गात असता तर पहिल्या बाकावर बसवलं असतं. तिथे कंडेन्सरचं काम वेगळं. मोटरला लोखंडात चुंबकीय क्षेत्र उभं करायला लाइनकडून एनर्जी घ्यावी लागते आणि दर सायकलला ती परत जाते, म्हणजे ती नुसती डीपीपासून, म्हणजे तुमच्या ट्रान्सफॉर्मरपासून, विहिरीपर्यंत येरझाऱ्या घालते. त्या येरझाऱ्यांचा करंट तुमच्या केबलला आणि डीपीला गरम करतो, पाणी मात्र एक थेंब जास्त येत नाही. कंडेन्सरची घेण्या-देण्याची वेळ मोटरच्या बरोबर उलटी. मोटर परत देते तेव्हा तो घेतो, तिला पाहिजे तेव्हा तो देतो. येरझाऱ्या मोटर आणि कंडेन्सरच्या मधल्या हातभर वायरीतच मिटतात. पाच एचपीला दोन केव्हीएआरचा (या येरझाऱ्या मोजायचं माप) लावतात, तीनला एकचा, साडेसातला तीनचा. पॉवर फॅक्टर, म्हणजे लाइनवरच्या एकूण भारातला खऱ्या कामाचा वाटा, ०.८ धरला तर लाइनमधले आठ अँपिअर पावणेसातवर येतात. एका डीपीवर वीस मोटरी असतील तर बघा केवढा फरक पडतो.

ऊस_आणि_पाऊस

स्टार्टरच्या आधी लावायचा का नंतर?

गुंडाळी

नंतर, मोटरच्या बाजूला, म्हणजे मोटर बंद झाली की तोही लाइनमधून सुटतो, रिकाम्या लाइनवर लटकत नाही. डीओएल, म्हणजे मोटर थेट लाइनवर टाकणारा स्टार्टर आहे ना तुमचा? स्टार-डेल्टा असेल तर जोडणी वेगळी, तेव्हा फोटो टाका. आत डिस्चार्जचा रेझिस्टर दिलेला असतो तरी बंद केल्यावर दोन-तीन मिनिटं पेटीत हात घालू नका. आणि कंडेन्सर ओव्हरलोड रिलेच्या (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा) पुढे, मोटरच्या बाजूला आला तर रिलेला आता कमी करंट दिसणार, पहिल्या सेटिंगवर ठेवलात तर मोटर जळेपर्यंत ट्रिप होणार नाही. क्लॅम्प मीटर लावून नवा करंट मोजा आणि रिले त्या हिशोबाने खाली आणा.